जी-वनची निळी रेघ

विशालाक्षीबाईंच्या हातचं पीठ चेन्नईत पेरुंगुडीच्या त्या गल्लीत कुणाच्या पोटात गेलं नाही असं झालंच नसेल. इडलीचं म्हणा, डोशाचं म्हणा. कमलालय फ्लॅट्समध्ये बिऱ्हाडं बारा, आणि तळमजल्यावरचं पहिलं दार बाईंचं. दारावर इंग्रजीत जी-वन असं लिहिलेलं. तेवढं इंग्रजी बाईंना वाचता यायचं, कारण विजेच्या बिलावरही तेच असायचं. तंजावरला शाळा झाली ती तिसरीपर्यंत, तीही तमिळ. तंजावरकडची जुन्या वळणाची मराठी ही घरात बोलायची भाषा. ती लिहायची कशी हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

नवरा रामस्वामी रेल्वेत होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी कीर्तना कोइम्बतूरला. दर फोनला ती म्हणायची, "अम्मा, एकटी कशाला राहतेस? ये इकडे." बाई म्हणायच्या, "मी आले तर इथल्या लोकांनी डोसे कशाचे करायचे?" हे उत्तर बाईंनी इतक्यांदा दिलं होतं, की कीर्तनाला ते प्रश्न विचारायच्या आधीच ऐकू यायचं. पण त्यात थट्टा थोडी होती आणि खरं जास्त. पीठ होतं म्हणून बाई आपल्या घरात आपल्या मनाने राहत होत्या. उद्या ग्राइंडर थांबला, तर एकटं राहायला काही निमित्तच उरलं नसतं.

सकाळी सहाला ग्राइंडर घरघरायला लागायचा. उडीद वेगळे, तांदूळ वेगळे, मेथ्या किती ते बोटांना माहीत. तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी मागच्या कढीलिंबाला, दुसरं पायरी धुवायला, आणि तिसऱ्या पाण्यातच पुढचे तांदूळ भिजायचे. चेन्नईत जिने पाण्यावाचून दिवस काढलेत ती बाई पाणी असं वापरते, की पाण्यालाच वाटावं आपण संपूच नये.

आणि अशा बाईवरच पाण्याचा आळ आला.

झालं असं. मागल्या उन्हाळ्यात फ्लॅटची बोअरवेल आटली. पाण्याची लॉरी यायची, खालच्या टाकीत पाणी ओतून जायची, आणि दुपारपर्यंत टाकीचा तळ दिसायचा. मग कमिटीने प्रत्येक घराच्या नळाला मीटर बसवले. कमिटी म्हणजे तसं पाहिलं तर एफ-वनमधले शेषगिरीराव. मूळचे कुंभकोणमचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि बँकेत कुणी ऐकलं नाही ते सगळं आता फ्लॅटला ऐकवणारे. वाईट माणूस नव्हे. फक्त सभा घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे.

मीटरचे आकडे गोळा करून त्यांचं चित्र काढायचं काम उन्मेषने अंगावर घेतलं. उन्मेष आणि प्राची हे जोडपं साताऱ्याकडचं, दोन वर्षांपूर्वी इथे आलेलं. तो मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचा. रोज संध्याकाळी तो फ्लॅटच्या ग्रुपवर एक चित्र टाकायचा: बारा घरांच्या बारा रेघा, प्रत्येकीला रंग, आणि बाजूला एक चौकट. चौकटीत रंगाचा ठिपका आणि त्याच्यापुढे घराचा नंबर. कुठला रंग कुणाचा हे त्या चौकटीवरून कळायचं.

तीन आठवड्यांत चित्र असं झालं की अकरा रेघा खाली एकमेकींत गुंतून पडलेल्या, आणि एक निळी रेघ वर वर चाललेली, देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशी. चौकटीत सगळ्यात पहिला ठिपका निळा. त्याच्यापुढे लिहिलेलं: जी-वन.

रविवारी शेषगिरीरावांच्या हॉलमध्ये सभा भरली. चित्र टीव्हीवर मोठं करून लावलेलं. राव उभे राहिले, घसा साफ केला.

"कुणाचं नाव घ्यायचं मज कारण नाही," ते म्हणाले आणि बाईंकडे बघितलं. "चित्रच सांगतें. घरात विकायचं पीठ दळलं म्हणजे पाणी लागणारच. तेव्हां पुढच्या महिन्यापासून फ्लॅटमध्ये विक्रीचं पीठ दळायचं नाही, असा ठराव मांडतों."

निम्म्या लोकांच्या घरी त्याच सकाळी बाईंच्या पिठाचे डोसे झालेले. मागून कुणीतरी तमिळमध्ये पुटपुटलं, मग इडलीचं काय? पण ते हळूच. टीव्हीवरची रेघ एवढी मोठी, तिच्याशी भांडायचं कुणी?

बाई उठल्या. पदर नीट केला. "सेरी, राव," म्हणाल्या, म्हणजे बरं. "तुमचं चित्र मज वाचतां येत नाही. पण पुढच्या रविवारपर्यंत थांबा. तेवढ्यात मी माझं पाणी बघतें."

राव थांबले. थांबायला त्यांनाही बरंच वाटलं असावं. नाष्ट्याला त्यांच्याकडे दुसरं काही पसंत पडत नसे.

मग तो आठवडा. बाईंनी घरातला प्रत्येक नळ कान लावून ऐकला. न्हाणीघरातल्या फ्लशच्या टाकीत हळद टाकून बघितली, खाली पिवळं उतरतं का ते. उतरलं नाही. प्लंबरला बोलावलं. त्याने सगळं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, पाट्टी, म्हणजे आजी, तुमच्या घरात गळत नाही, नळसुद्धा तुम्हाला भिऊन आहेत. मंगळवारी बाईंनी आंघोळ एका बादलीवरून अर्ध्यावर आणली. बुधवारी आणि गुरुवारी ग्राइंडर लावलाच नाही. दारात डबे घेऊन आलेल्यांना म्हणाल्या, "दोन दिवस उपमा खा. उपम्याने कुणी मेलं नाही."

उन्मेषचं चित्र रोज संध्याकाळी यायचं. शेजारची मुलं फोनवर दाखवायची. बुधवारी निळी रेघ वर गेली. गुरुवारी आणखी वर.

तेव्हा मात्र बाई बसल्या. सकाळपासून घरात आवाज नाही, मोरी कोरडी, आणि रेघ म्हणते तू पाणी सांडतेस. पन्नास वर्षं हाताने मोजलेलं पाणी, आणि आता त्या हातावरचाच विश्वास ढळायला लागला. म्हातारपणात कधी नळ उघडा राहतो नि आपल्याला आठवत नाही, असं तर नाही? कीर्तनाचा फोन आला तेव्हा बाई नेहमीचं उत्तर न देता म्हणाल्या, "बघू." कीर्तना घाबरली. आई "बघू" म्हणाली म्हणजे तिला ताप असणार.

शनिवारी सकाळी बाईंनी एका डब्यात पीठ घेतलं आणि जिना चढून एफ-फोरची बेल दाबली. प्राचीने दार उघडलं.

"मामी! या ना. पीठ कशाला आणलंत, तुमच्यावर तर..." ती अडखळली.

"आळ आहे," बाई म्हणाल्या. "आळ माझ्यावर आहे, पिठावर नाही. हें ठेव. तुझा नवरा उठला कां?"

उन्मेष लॅपटॉप घेऊन बाहेर आला. बाईंना बघून त्याचा चेहरा उतरला. ठराव रावांचा असला तरी चित्र त्याचं होतं.

"मामी, मी मुद्दाम काही..."

"ते मज ठाऊक आहे. तुझ्या तोंडावर कपट मावायचं नाही, जागाच नाही तेवढी. बस इथे. मज वाचायला शिकव."

"काय वाचायला?"

"तुझं चित्र. ज्या कागदावर माझा न्याय होणार, तो मज वाचतां आला पाहिजे कीं नाही?"

प्राचीने कॉफी आणली. उन्मेषने लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात ठेवला. ग्रुपवर जायचं ते या चित्राचा फोटो. त्याला हात लावला तर काही व्हायचं नाही. इथलं चित्र मात्र जिवंत होतं.

"ही बाजूची चौकट दिसते ना? हिला लेजंड म्हणतात. ही रंगांची यादी. हिरवं म्हणजे अमुक घर, लाल म्हणजे तमुक. आता बघा, मी लालवर दाबतो."

त्याने जी-टूवर दाबलं. चौकटीतलं नाव फिकट झालं आणि चित्रातली एक लाल रेघ नाहीशी झाली.

"अय्यो! त्यांचं पाणी तोडलंस?"

"नाही हो मामी, फक्त दिसायचं बंद केलं. पुन्हा दाबलं की परत येते. गर्दी झाली की काहीच कळत नाही, म्हणून नको ती घरं झाकायची आणि हवी ती ठेवायची. दाबा तुम्ही."

बाईंनी पदराला बोट पुसलं आणि दाबलं. लाल रेघ आली. दाबलं, गेली. पुन्हा आली. आता बाईंना गोडी लागली. एकेक घर झाकायचं, उघडायचं, आणि चहाला गेल्यासारखा प्रत्येकाचा समाचार घ्यायचा.

"ही पिवळी कुणाची?"

"जी-थ्री."

"इतकं थोडं पाणी? मग ती पोरं न्हातात कधी? आणि ही जांभळी, एफ-वन... शेषगिरीराव! बरं, बरं."

"मामी, हे बाहेर कुठे बोलू नका हं."

"मी कुठे बोलतें? तूच तर रोज गावाला चित्र दाखवतोस." बाईंनी कॉफीचा घोट घेतला. "तुझं मराठी ऐकून वाटतं, तुझी गाडी सुटायला आली आहे. हळू बोल, कण्णा. आतां मज झाक."

"तुम्हाला?"

"जी-वन. माझी रेघ गेली म्हणजे बाकीचे किती गुणी आहेत ते तरी बघतें."

उन्मेषने पहिल्या निळ्या ठिपक्यावर दाबलं. जी-वन फिकट झालं. खालच्या गुंत्यातून एक रेघ निघून गेली, कुणाच्या लक्षातही आलं नसतं अशी बारीक.

वरची निळी रेघ जिथे होती तिथेच उभी.

उन्मेषने पुन्हा दाबलं. खाली एक निळा धागा आला. पुन्हा दाबलं. गेला. वरची ढिम्म.

"काहीतरी हँग झालंय," तो म्हणाला.

बाईंना जुन्या घागरी आठवल्या. पेरंबूरच्या रेल्वे वसाहतीत नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा पाण्याच्या लॉरीपुढे प्लास्टिकच्या घागरी ओळीने लावलेल्या असायच्या, आणि बायका आपापल्या कामाला निघून गेलेल्या. माणसं नसली तरी घागर नंबर धरून असायची. प्रत्येक घराचा रंग ठरलेला, बाईंची हिरवी. पण दुकानात रंग असून असून किती असणार? घरं वाढली, रंग संपले, आणि चाळीच्या टोकाच्या जयंतीनेही हिरवीच आणली. मग रोजचं भांडण, की पुढची हिरवी तुझी का माझी. तेव्हा एका शहाण्या म्हातारीने तोड काढली होती: आपली उचलून हातात घ्यायची, ओळीत राहील ती दुसरीची.

"उन्मेष," बाई म्हणाल्या, "तुझ्याकडे रंग किती आहेत?"

"म्हणजे?"

"घरं बारा. रंग किती?"

उन्मेष बोटांवर मोजायला लागला. मग कपाळावर हात मारला. "दहा. प्रोग्राममध्ये दहाच असतात. संपले की पुन्हा पहिल्यापासून लावतो. अकरावं घर निळं. अरे देवा."

"अकरावं कुठलं?"

चौकट लांब होती. तिच्यात दहा नावं दिसायची, आणि खाली एक बारीक बाण. तो दाबला की उरलेली दोन वर यायची. फोटोत तो बाण कोण दाबणार? उन्मेषने दाबला. अकरावा ठिपका निळा. एस-थ्री.

त्याने जी-वन पुन्हा उघडलं, एस-थ्री झाकलं आणि वरची रेघ विझली.

"पण मामी, एस-थ्री बंद आहे. तिथे कुणी राहतच नाही. म्हणून तर मी तिकडे बघितलंसुद्धा नाही."

"नसेना कां कुणी. पाणी सांडायला माणूस कशाला हवा?" बाईंनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बघितले, उलटे आणि सुलटे. प्राचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो थोपटला. "काही नाही ग. मज वाटलं होतं, मी विसरायला लागले."

उन्मेष अजून पडद्यावर बघत होता. उंच रेघ गेली तशी खालच्या अकरा रेघांना अंग पसरायला जागा मिळाली होती. गुंता सुटला. आता कोण वर, कोण खाली, स्वच्छ दिसत होतं. बाईंची निळी मधोमध, आणि बुधवार-गुरुवारी तर जमिनीला टेकलेली. सगळ्यांच्या वर होती जांभळी. एफ-वन.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात," उन्मेष हळूच म्हणाला.

"मी काही विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

एस-थ्री विजयेंद्रचं, म्हणजे रावांच्या बहिणीच्या मुलाचं. तो जर्मनीत, किल्ली रावांकडे. दर शुक्रवारी राव वर जायचे, हॉलमध्ये दिवा लावायचे, नमस्कार करून कुलूप घालायचे. मागच्या खोलीकडे जायचं कारणच नव्हतं, आणि डावा कान तसाही कामाचा नव्हता. शनिवारी दुपारी उन्मेष त्यांना घेऊन वर गेला. मागच्या न्हाणीघरात टाकीचा तरंगता चेंडू तुटलेला, आणि पाणी अखंड, आवाज न करता, कमोडमधून खाली चाललेलं. अर्ध्या तासात प्लंबरने ते बंद केलं. राव कुलूप घालून खाली आले ते थेट आपल्या घरात गेले. त्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा एकही निरोप आला नाही. लोकांनी काळजीने विचारपूस केली.

रविवारी सभा भरली. या वेळी उन्मेषने फोटो न लावता लॅपटॉपच टीव्हीला जोडला. रंग संपले ते सांगितलं, बाण दाखवला, एस-थ्रीची रेघ दाखवली. मग म्हणाला, "चूक माझी. मामींची मी सगळ्यांसमोर माफी मागतो." आणि खरंच हात जोडले.

राव उठले. घसा साफ केला नाही. "किल्ली मजकडे होती," ते म्हणाले. "दिवा लावून येत होतों, आणि मागे लॉरीच्या लॉरी वाहून जात होत्या. आणि ठराव आणला कुणावर, तर..." त्यांनी सभेची वही उघडली, मागच्या रविवारचं पान काढलं आणि त्या ठरावावर तिरपी रेघ मारली. एक मारून समाधान झालं नाही, म्हणून दुसरी मारली.

टाळ्या वाजल्या. मागचा तो तमिळमध्ये पुटपुटणारा आता मोठ्याने म्हणाला, उद्या पीठ मिळणार ना, पाट्टी?

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "उन्मेष, ते एस-थ्री झाक ना. मग कळेल बाकीच्यांत जास्त कोण वापरतं."

"हो, हो, बघूच!" लोकांना आता चौकटीची गंमत कळली होती. उन्मेषचा हात लॅपटॉपपाशी जाऊन थांबला. त्याने बाईंकडे बघितलं. राव टीव्हीच्या अगदी समोर बसले होते, चष्मा पुसून, उत्सुकतेने. त्यांना काहीच कल्पना नव्हती.

विशालाक्षीबाई आठवडाभर त्या जागी बसल्या होत्या. मोठ्या पडद्यावर आपला रंग सगळ्यांच्या वर, आणि सगळ्यांचे डोळे आपल्यावर, म्हणजे काय, ते त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. गंमत म्हणून बघावंसं त्यांनाही वाटलं, नाही असं नाही. अगदी क्षणभर जांभळी रेघ टीव्हीवर मोठी होऊन डोळ्यांपुढे आली, आणि जरा बरंही वाटलं. मग त्या उठल्या.

"राहू दे, कण्णा. बंद कर ते. कोण किती न्हातो हें बघायला आम्ही रविवारी जमलों कां? सगळ्या घरांची मिळून एकच रेघ काढ. ती खाली आणायची आहे, ती सगळ्यांनी मिळून बघूं. आणि ज्यास आपली बघायची असेल त्याने तुझ्या घरी यावं, कॉफी पिऊन बघावी."

"कॉफी?" प्राची मागून म्हणाली. "बारा घरांना?"

"अकरा. एक बंद आहे."

लोक हसले आणि सभा तिथेच मोडली. उन्मेषने टीव्हीची वायर काढली.

बाई जिना उतरत होत्या तेव्हा शेषगिरीराव मागून आले. कठड्याला धरून दोन पायऱ्या वर थांबले.

"विशालाक्षीबाई, एक विचारतों. तुम्ही एस-थ्री झाकू दिलं नाहीत. वर कोण होतं?"

बाईंनी वर बघितलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, आणि खरं बोलायला आता फक्त जिना ऐकत होता.

"तुम्ही होतांत, राव. जांभळे. पाइप सोडा आणि बादली घ्या. गाडीस कळायचं नाही."

राव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी हात जोडले. बाईंनी मान हलवली आणि राहिलेल्या पायऱ्या उतरल्या. घरात जाऊन आधी कीर्तनाला फोन लावला. तिने काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "नाही, येत नाही." मग पातेली काढली, उडीद मोजले, आणि आज जरा जास्तच भिजत घातले, कारण दोन दिवस उपमा खाल्लेली माणसं उद्या सकाळी दाराशी उभी राहणार होती.